मसाज : छाप्याच्या बातमीपलीकडचा आरोग्यप्रश्न

गोव्यातील वर्तमानपत्रांत ‘मसाज’ हा शब्द बहुधा दोनच ठिकाणी आढळतो. किनारपट्टीतील एखाद्या पार्लरवर पोलिसांनी छापा टाकल्याच्या बातमीत, अथवा पंचतारांकित हॉटेलांच्या जाहिरातीत. पहिल्या ठिकाणी तो संशयाचा विषय असतो, दुसऱ्या ठिकाणी चैनीचा. या दोहोंच्या मध्ये दुखऱ्या शरीरांचा मोठा समाज उभा आहे. दिवसाचे दहा-बारा तास सुकाणूचक्रामागे बसणारा टॅक्सीचालक, पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेणारी बाई, संगणकासमोर मान झुकवून बसलेला कर्मचारी, अंथरुणाला खिळलेल्या आईची उठबस करून कंबर धरलेली सून. या समाजाच्या दृष्टीने मसाज हा आरोग्याचा प्रश्न आहे. मात्र सार्वजनिक चर्चेत त्याला त्या नात्याने क्वचितच जागा मिळते.

पेडणे तालुक्यात ही विसंगती एका नजरेत दिसते. ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मोपा येथील विमानतळाचे आणि धारगळ येथील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. एका वास्तूने पर्यटकांची वाट मोरजी, मांद्रे, हरमलच्या किनाऱ्यांपर्यंत जवळ आणली. दुसरीने अभ्यंग आणि पंचकर्माचे शास्त्रशुद्ध शिक्षण व उपचार राज्याच्या दाराशी आणून ठेवले. किनाऱ्यावर ‘आयुर्वेदिक मसाज’ अशा पाट्या लावलेल्या असंख्य खोल्या आणि काही किलोमीटरवर ते ज्ञान शिकवणारी राष्ट्रीय संस्था, असे हे चित्र आहे. पाटीखालच्या खोलीत काम करणारे हात कोठे शिकले, हे ग्राहकाला सहसा कळत नाही. तो बहुधा विचारतही नाही.

परंपरा आणि तिच्या मर्यादा

तेल लावून अंग चोळणे ही मराठी घराला नवी गोष्ट नव्हे. नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात नरकासुराचे दहन झाले, कारीट पायाखाली फोडले, की तेल-उटण्याचे अभ्यंगस्नान ठरलेले. बाळ आणि बाळंतीण यांना न्हाऊ घालणारी बाई दोन-तीन पिढ्यांपूर्वी प्रत्येक वाड्याला ठाऊक असे. बेळगाव-कोल्हापूरच्या तालमींत जोर-बैठकांइतकेच महत्त्व मालिशीला होते. थकलेले अंग दुसऱ्या दिवशी पुन्हा मातीत उतरण्याजोगे करणे हा तिचा व्यावहारिक हेतू होता. सुमारे सातव्या शतकातील वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग रोजचा सांगितला आहे, आणि डोके, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष देण्याची सूचनाही आहे. थकवा, वातविकार आणि वार्धक्य यांवर तो उपयुक्त मानला आहे.

त्याच ग्रंथाने अभ्यंग कोणी करू नये हेही सांगितले आहे. कफाने ग्रस्त असलेले, नुकतेच शोधनोपचार झालेले आणि अजीर्ण असलेले लोक त्याने वर्ज्य ठरवले. परंपरेचे नाव घेऊन चालणाऱ्या आजच्या व्यवसायात वाग्भटाचा पहिला भाग भिंतीवर झळकतो आणि दुसरा भाग गळून पडतो. ग्राहकाला कोणता आजार आहे, कोणती औषधे चालू आहेत, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे काय, हे प्रश्न न विचारता तेलाची वाटी पुढे येते. परंपरेची विक्री होते आणि तिच्यातील विवेक मागे राहतो.

पुरावा काय सांगतो

मसाजाच्या लाभांविषयी गेल्या दोन-तीन दशकांत बरेच संशोधन झाले आहे. त्याचा निष्कर्ष जाहिरातींइतका भव्य नाही, आणि शंकेखोरांना वाटतो तितका पोकळही नाही. २०११ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात दीर्घकालीन कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवरील अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना आठवड्यातून एकदा, असा दहा आठवडे मसाज देण्यात आला. इतरांचे नेहमीचेच उपचार चालू राहिले. दहा आठवड्यांनंतर मसाज मिळालेल्यांची दैनंदिन हालचाल सुधारली होती, वेदना कमी झाल्या होत्या, आणि लाभाचा काही अंश सहा महिन्यांपर्यंत टिकला. या अभ्यासात मसाजाचे दोन प्रकार तपासले होते : साधा, विश्रांती देणारा मसाज आणि विशिष्ट स्नायूंवर लक्ष केंद्रित करणारा तांत्रिक मसाज. दोहोंच्या परिणामांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. महागड्या नावांच्या उपचारांमागे धावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

‘नियमित’ या शब्दाला किती वजन आहे, तेही अभ्यासांतून स्पष्ट होते. गुडघ्याच्या संधिवाताच्या १२५ रुग्णांवरील २०१२च्या अभ्यासात मसाजाची वेगवेगळी ‘मात्रा’ देऊन पाहिली गेली. आठवड्यातून एकदा, एक तासाचा मसाज आठ आठवडे, ही मात्रा त्यांत सर्वांत व्यवहार्य ठरली. मानदुखीच्या २२८ रुग्णांवरील २०१४च्या अभ्यासात अर्ध्या तासाच्या बैठकांचा फारसा उपयोग दिसला नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा एक-एक तास दिलेला मसाज मात्र उपकारक ठरला. याचा अर्थ उघड आहे. सहलीत एकदा घेतलेला अर्ध्या तासाचा मसाज सुख देईल, झोप आणील. जुनाट दुखणे त्याने हटेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे.

मनावरील परिणामांबाबतही आधार आहे. २००४ मधील एका संकलित अभ्यासात ३७ चाचण्यांचा आढावा घेण्यात आला. एकाच बैठकीने तात्पुरती चिंता उतरते आणि बैठकांची मालिका झाली तर चिंतेचा स्थायी स्वभाव व खिन्नता यांत लक्षणीय घट होते, असे त्यात दिसले. त्वचेत काही संथ मज्जातंतू असे आहेत, की जे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूला त्या स्पर्शाची सुखद जाणीव पोहोचवतात. आईचा हात मुलाच्या पाठीवरून ज्या गतीने फिरतो, साधारण तीच ही गती. ज्यांना दिवसेंदिवस कोणाचाही स्पर्श होत नाही अशा एकाकी वृद्धांची संख्या गोव्यासारख्या, मुले परदेशी गेलेल्या राज्यात कमी नाही. त्यांच्या बाबतीत हा लाभ स्नायूंच्या पलीकडचा आहे.

जे सिद्ध झालेले नाही

मसाजाच्या बाजूने बोलताना त्याच्या नावावर खपवले जाणारे दावे वेगळे काढणे आवश्यक आहे. मसाजाने शरीरातील ‘विषद्रव्ये’ बाहेर पडतात, या दाव्याला विश्वासार्ह आधार नाही; ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. व्यायामानंतर साचलेले लॅक्टिक आम्ल मसाजाने निघून जाते, हा समजही टिकलेला नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१२ मध्ये ११ तरुणांच्या स्नायूंचे नमुने तपासले. मसाजाने दाहाशी संबंधित संकेत कमी झालेले दिसले, लॅक्टिक आम्लावर मात्र परिणाम दिसला नाही. मसाजाने ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक झपाट्याने घटते, असे सर्वत्र सांगितले जाते. २०११च्या एका तपशीलवार आढाव्यात तो परिणाम अत्यल्प, बहुतेक वेळा शून्यापासून वेगळा न काढता येण्याजोगा आढळला.

वेदनेबाबतच्या पुराव्यालाही मर्यादा आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे कठोर परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये कंबरदुखीवरील २५ चाचण्या आणि ३,०९६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. अल्पकाळात आराम मिळतो असे दिसले. पण चाचण्यांचा दर्जा पाहता निष्कर्षांवर फारसा विश्वास ठेवता येणार नाही, असेही परीक्षकांनी नोंदवले. मसाज घेतल्याची खूण रुग्णापासून लपवता येत नाही, ही अशा चाचण्यांची मूळ अडचण आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत व्यायामासह इतर उपायांबरोबर मसाजालाही सशर्त स्थान दिले. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहण्याचे दुष्परिणाम जगाने पाहिल्यानंतर कमी धोक्याच्या उपायांकडे वैद्यक पुन्हा वळत आहे, असा या शिफारशीचा अर्थ लावता येतो. मसाज व्यायामाची जागा घेऊ शकत नाही. तो व्यायामाला तयार होण्याइतके शरीर सैल करू शकतो.

कमी धोक्याचा उपाय म्हणजे बिनधोक उपाय नव्हे. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल तर जोरकस मालिशीने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. प्लॅस्टरनंतर सुजलेला पाय घरीच तेलाने चोळल्याने एका तरुणाचा असा मृत्यू ओढवल्याची नोंद काही वर्षांपूर्वी दिल्लीतील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात केली आहे. केशकर्तनालयात हजामतीनंतर मान दोन्हीकडे झटका देऊन ‘कडकन’ मोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला त्यामुळे इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो. ठिसूळ हाडे, रक्त पातळ करणारी औषधे, अंगावरील जखम वा ताप, गर्भारपण, कर्करोगाचे चालू उपचार, या प्रत्येक स्थितीत हात कोठे ठेवावा, किती दाबावे आणि कधी मुळीच लावू नये, हे शिकावे लागते. जन्मजात कौशल्यावर अथवा महिनाभराच्या अनुकरणावर ते सोपवता येत नाही.

कायद्याची नजर

प्रश्न येथे धोरणाकडे वळतो. गोव्यात मसाज पार्लरांना नोंदणी बंधनकारक आहे, आणि स्त्रीने पुरुषाला वा पुरुषाने स्त्रीला मसाज देण्यावर निर्बंध आहेत. छाप्यांच्या बातम्यांत ‘क्रॉस मसाज’ हा शब्दप्रयोग येतो तो यामुळेच. जेथे पार्लरच्या आडून देहविक्रय चालतो, तेथे १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली कारवाई होते. ती व्हायलाच हवी. त्या खोल्यांत अडकलेल्या, बहुधा परराज्यांतून व परदेशांतून आणलेल्या स्त्रियांचे शोषण ही काल्पनिक गोष्ट नव्हे. परंतु सरसकट बंदीने हेतू साधतो काय, हा प्रश्न न्यायालयांसमोर आलेला आहे. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये स्पा केंद्रांसाठी अशीच बंदी आणली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिला अंतरिम स्थगिती दिली. देहविक्रय रोखण्याच्या उद्दिष्टाशी अशा बंदीचा वाजवी संबंध प्रथमदर्शनी दिसत नाही, असा न्यायालयाचा सूर होता.

निर्बंध ठेवावेत की नाही याविषयी मतभेद असू शकतात. अनेक ग्राहकांना, विशेषतः स्त्रियांना, स्वतःच्या लिंगाच्या व्यक्तीकडूनच उपचार घेणे सोयीचे वाटते, आणि केरळच्या आयुर्वेद केंद्रांतही तीच रीत आहे. अडचण वेगळी आहे. तपासणीला आलेला अधिकारी खोलीत कोण कोणाला मसाज देतो हे पाहतो. देणाऱ्याला काय येते, हे पाहण्याची सवय यंत्रणेला नाही. परिणामी मान मोडणारा अशिक्षित हात कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरतो, आणि प्रामाणिकपणे शिकून काम करणारी तरुणी शेजाऱ्यांच्या नजरेत कायम संशयित राहते. आपण स्पामध्ये नोकरी करतो हे घरी सांगणे कठीण जावे, अशी या व्यवसायाची अवस्था आहे. त्यातील कामगारांचे अंगठे, मनगटे आणि कंबर काही वर्षांत निकामी होऊ लागतात. दुसऱ्याचे दुखणे हलके करणाऱ्यांच्या दुखण्याची दखल कोणी घेत नाही.

इतर समाजांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवण्याचा प्रयत्न केला. देहविक्रयाच्या उद्योगाने बदनाम झालेल्या थायलंडने आपल्या पारंपरिक मसाजाला त्या चिखलातून बाहेर काढण्यासाठी शिक्षणाचा आधार घेतला. बँकॉकच्या वाट फो मंदिरात एकोणिसाव्या शतकात वैद्यकज्ञान शिलालेखांत कोरून ठेवले होते. त्याच मंदिराच्या परंपरेतून आधुनिक मसाजशाळा उभी राहिली. २०१६च्या कायद्याने तेथे केंद्रांना परवाना आणि मसाज देणाऱ्यांना प्रशिक्षण व नोंदणी सक्तीची केली. डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने ‘नुआद थाई’चा समावेश मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तेथील गैरप्रकार संपले असे कोणी म्हणणार नाही. पण शिकलेला हात आणि न शिकलेला हात यांत भेद करण्याचे साधन ग्राहकाच्या हाती आले. जपानमध्ये मसाज हा शतकानुशतके अंध व्यक्तींचा सन्मानाचा व्यवसाय होता, आणि १९४७च्या कायद्यापासून तो परवान्याच्या चौकटीत आहे. आपल्याच देशात केरळने पर्यटन खात्यामार्फत आयुर्वेद केंद्रांचे ‘ग्रीन लीफ’, ‘ऑलिव्ह लीफ’ असे वर्गीकरण पूर्वीच सुरू केले. डॉक्टर आहे काय, प्रशिक्षित कर्मचारी किती, औषधी तेले कोठली, यांवर ते ठरत असे.

गोव्यापुढचा पर्याय

केंद्र सरकारने २०२३ मध्ये परदेशी नागरिकांसाठी स्वतंत्र आयुष व्हिसा सुरू केला. आयुर्वेद उपचारांसाठी येणारा पर्यटक आठवडे-महिने राहतो, आणि समुद्र खवळलेल्या पावसाळ्यातही येऊ शकतो. हंगामी पर्यटनावर जगणाऱ्या गोव्याला अशा पाहुण्याची गरज आहे. परंतु तो ज्या राज्यात जाईल तेथील हातांवर त्याचा विश्वास बसला पाहिजे, आणि छाप्यांच्या बातम्यांतून विश्वास निर्माण होत नाही.

विश्वास उभा करण्याची सामग्री राज्यापाशी आहे. धारगळची संस्था आहे, शिरोड्याचे गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे, कौशल्य प्रशिक्षणाची केंद्रे आहेत, आणि स्पा थेरपिस्ट व पंचकर्म तंत्रज्ञ यांच्यासाठी देशपातळीवर अभ्यासक्रमही आखलेले आहेत. या संस्थांकडून परीक्षा व प्रमाणपत्र, आरोग्य खात्याकडून व्यक्तीची नोंदणी, आणि प्रत्येक केंद्रात ग्राहकाची आरोग्यविषयक विचारपूस बंधनकारक, एवढी रचना उभारण्यास फार मोठा खर्च लागणार नाही. आज परवाना जागेला मिळतो. तो हातालाही मिळाला पाहिजे. अशी नोंदणी असलेली कामगार मालकाशी वेतनाविषयी बोलू शकेल, ग्राहकाची अनुचित मागणी ठामपणे नाकारू शकेल, आणि तपासणीच्या वेळी स्वतःचे ओळखपत्र पुढे करू शकेल. शोषणाविरुद्धचे हे संरक्षण छाप्यानंतरच्या सुटकेपेक्षा अधिक टिकाऊ आहे.

मात्र एवढ्यावर थांबल्यास लाभ पुन्हा पर्यटकाच्याच पदरात पडेल. संशोधन सांगते की उपयोग हवा असेल तर आठवड्याला एक तास, आणि तोही काही आठवडे सलग. किनाऱ्यावरील दरांत ही मात्रा सामान्य गोमंतकीय कुटुंबाला परवडणारी नाही. टॅक्सीचालकाला वा मासळीवालीला ती मिळायची असेल, तर सरकारी आयुष केंद्रांत, डॉक्टरांच्या शिफारशीने, अल्प शुल्कात ती मिळाली पाहिजे. दृष्टिहीन तरुणांना या कामाचे प्रशिक्षण देऊन अशा केंद्रांत नेमता येईल. स्पर्शाने पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी हा दयेचा रोजगार ठरणार नाही. आणि जे काम घरात होऊ शकते, ते घराकडे परत गेले पाहिजे. वृद्ध आईच्या पायांना झोपण्यापूर्वी दहा मिनिटे कोमट तेल लावणे, बाळाला हलक्या हाताने चोळणे, स्वतःची मान व पोटऱ्या स्वतः मळणे, यांसाठी कोणत्याही पार्लरची गरज नाही. कोठे थांबायचे हे मात्र आरोग्यसेविकेने घरोघर सांगितले पाहिजे. सुजलेला, लाल, गरम पाय चोळू नये; मान कोणाकडूनही मोडून घेऊ नये; दुखण्यासोबत ताप, बधिरपणा किंवा वजनात घट असेल तर तेलाच्या वाटीआधी डॉक्टर गाठावा.

दिवाळीच्या पहाटे वर्षातून एकदा होणारे अभ्यंग गोव्यातील घरांनी अजून सोडलेले नाही. उरलेल्या दिवसांची जबाबदारी काही अंशी घराची, काही अंशी आरोग्य खात्याची आहे. पोलिसांचे काम पोलिसांनी करावे; पण दुखऱ्या पाठीवर ठेवलेला हात शिकलेला आहे काय, हा प्रश्न पोलिसांना सोडवता येणार नाही. तो आरोग्य खात्याने हाती घेईपर्यंत मसाजाची बातमी आहे त्याच पानावर छापून येत राहील.